सात हजार वर्षांपूर्वी निघालेलं वऱ्हाड

सांगतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. आजवर कुणी ठेवलेला नाही. माझं लग्न ना मामानं जमवलं, ना वधूवर सूचक मंडळानं. ते जमवलं दोन ताऱ्यांनी. आणि तेही काही रोज डोक्यावर दिसणारे, ओळखीपाळखीचे तारे नव्हेत. सात हजार प्रकाशवर्षांवरचे, साध्या डोळ्यांना न दिसणारे. मध्यस्थ एवढ्या लांबचा असला की एक बरं असतं, मानपान करावा लागत नाही.

"झालं सुरू," असं म्हणत चौगुले सरांनी चहाची बशी तोंडाला लावली. सर म्हणजे आमचे शेजारी. इथं सांगलीच्या हायस्कुलात तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं त्यांनी, त्यामुळे माझ्या प्रत्येक गोष्टीत पहिला खोडा त्यांचा. ते येतात रविवारी दुपारी, माझ्या थापा तपासायला. आणि आमच्या सौभाग्यवती, डॉक्टर शाल्मली, पलीकडे झोपाळ्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसतात. एकोणतीस वर्षं मी ही गोष्ट सांगतो आहे आणि एकोणतीस वर्षं त्या काहीतरी सोलत आहेत. 'खरं' म्हणाल्या नाहीत, 'खोटं'ही म्हणाल्या नाहीत. डॉक्टर म्हणजे इंजेक्शनवाल्या नव्हेत बरं का, खगोलशास्त्रातल्या.

तर दोन हजार चौतीस सालची गोष्ट. मी पाण्याच्या टाक्यांचा माणूस. आमचे वडीलही तेच, बसवायचे, जोडायचे, गळती काढायचे. एके दिवशी कंत्राटदारानं विचारलं, "श्रीपती, तीनशे टाक्या बसवायच्यात. येतोस?" म्हटलं, "कुठं, कुपवाड एमआयडीसीत?" म्हणाला, "लडाखला."

चौदा हजार फुटांवरचं पठार. झाड नाही, झुडूप नाही. हवा इतकी विरळ की मी पहिले चार दिवस एक वाक्य दोन हप्त्यांत बोलायचो. पाणी उकळायचं, पण तापायचं नाही. तूरडाळ कुकरला लावली की सतरा शिट्ट्या झाल्या तरी डाळ अंगावरची साल सोडायला तयार नाही.

"विरळ हवेत पाणी कमी तापमानाला उकळतं, हे खरं आहे," सर म्हणाले. "पण कुकरमध्ये सतरा शिट्ट्या लागत नाहीत."

"बरं, नऊ," मी म्हणालो. सरांच्या समोर आठ शिट्ट्या सोडून द्याव्या लागतात, तेव्हा पुढचं खपतं.

त्या पठारावर आम्ही तीनशे टाक्या बसवल्या. एकेक खोलीएवढी, आतून काळीकुट्ट. पाणी बारा गाळण्यांतून गाळलेलं. प्रत्येक टाकीच्या तळाशी एक काचेचा डोळा, वरून झाकण, आणि झाकणाला असं सील की सुईच्या टोकाएवढाही उजेड आत जाता कामा नये. मी म्हटलं, हे पाणी प्यायचं नाही, शेतीला द्यायचं नाही, अंधारात कोंडून काय लोणचं घालायचंय?

ते विचारायला गेलो तिथल्या प्रमुखाकडे. प्रमुख म्हणजे डॉक्टर शाल्मली आठल्ये. रत्नागिरीची बाई, बत्तीस वर्षांची, डोक्यावर माकडटोपी, नाकाचा शेंडा लाल. बाकी सगळं पुण्याहून संगणकच चालवायचा. बांधकाम संपल्यावर पठारावर उरलो आम्ही तिघं. या मॅडम, मी, आणि गाडी चालवणारा स्टांझिन.

मॅडमनी समजावलं ते स्वयंपाकघरात. थाळीत एक मोठा कांदा ठेवला. म्हणाल्या, "हा निळा तारा. आपल्या सूर्याच्या वीसपट वजनाचा. अंगातला वायू आवरत नाही याला, कमरेभोवती तापलेल्या वायूची चकती घेऊन फिरतो." मग मोहरीचा एक दाणा उचलला. "आणि ही त्याची जोडीदारीण. मेलेल्या ताऱ्याचा गाभा. आकार सांगली-मिरजेएवढा, वजन सूर्यापेक्षा जास्त, आणि स्वतःभोवती सेकंदाला वीस गिरक्या. हिला पल्सार म्हणतात. ही कांद्याभोवती फिरते, पण गोल नाही." त्यांनी मोहरी थाळीच्या अगदी कडेला नेली. "सात वर्षांची एक फेरी. त्यातली जवळजवळ सगळी वर्षं इतकी लांब. आणि मग चार दिवस…" मोहरी कांद्याला घासून गेली.

"म्हणजे माहेरवाशीण," मी म्हणालो. "वर्षानुवर्षं फिरकायची नाही, आणि आली की चार दिवसांत घर डोक्यावर घ्यायचं."

त्या हसल्या. माकडटोपीच्या आतून हसलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

"अगदी तसंच," म्हणाल्या. "ती त्या चकतीतून आरपार घुसते. तिच्या अंगातून कणांचा वारा सुटलेला असतो, ताऱ्याचाही सुटलेला असतो. दोन वारे भिडले की मधे आघाताची भिंत उभी राहते. कण त्या भिंतीवर आपटून आपटून वेग घेतात, आणि ताऱ्याच्या साध्या निळ्या प्रकाशाला असा टोला देतात की त्याचा गॅमा किरण होतो. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाख कोटी पट ताकद असलेला. तो किरण आपल्या हवेवर फुटतो, त्याच्या कणांचा सडा पडतो आणि ते कण तुमच्या टाकीत शिरतात. पाण्यात प्रकाश जरा हळू चालतो, हे कण त्याच्याही पुढे पळतात, आणि पळताना मागे निळसर उजेडाची रेघ सोडतात. एका सेकंदाचे अब्ज तुकडे केले तर त्यातले चारदोन तुकडे टिकणारी. ती बघायला अंधार. कळलं?"

"कळलं. आणि माहेरवाशीण कधी येतेय?"

"अठरा ऑक्टोबर. सकाळी सूर्य वर आल्यावर. टाकीला दिवसरात्र सारखीच, त्यामुळे अडचण नाही." मग त्यांनी कांदा उचलून माझ्या हातात दिला, चिरायला. "तारीख पंचांगापेक्षा पक्की आहे, कोळेकर. हा उजेड तिथून सात हजार वर्षांपूर्वीच निघालाय. वाटेत आहे."

सात हजार वर्षांपूर्वी निघालेलं वऱ्हाड! मला फार आवडलं ते. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी चहा देताना विचारायचो, "आज वऱ्हाड कुठवर आलं?" आणि त्या न चुकता आकडा सांगायच्या. मला तो कळायचा नाही. पण कुणीतरी आपल्याला रोज आकडा सांगतंय, याचंच बरं वाटायचं.

आता माझा गुन्हा सांगतो. आमच्या वडिलांचा नियम होता. टाकी असो, विहीर असो, हौद असो. नवं पाणी भरलं की त्याची ओटी भरल्याशिवाय झाकण लावायचं नाही. हळदकुंकू वाहायचं, नारळ दाखवायचा, मग झाकण. दोनशे नव्व्याण्णव टाक्यांना मी मन घट्ट केलं. बारा वेळा गाळलेलं पाणी, त्यात काय हळद टाकायची? पण तीनशेवी, शेवटची टाकी भरली आणि मला राहवेना. बिनओटीचं पाणी मागे ठेवून घरी गेलो तर वडील दारात उभं करणार नाहीत. नारळ नव्हता, तेव्हा जर्दाळू दाखवला. हळद होती, घरची, राजापुरी. पण ती कालवायला वाटीत पाणी घेतलं की बोट घालेपर्यंत त्याचं बर्फ. तीनदा झालं. शेवटी स्टांझिननं जाकिटातून एक बाटली काढली.

"हे नाही गोठत," तो म्हणाला.

ती फौजेतली रम होती. देवाची क्षमा मागितली, हळद रममध्ये कालवली, वाटीभर टाकीत सोडली आणि झाकण लावलं.

"थांबा," सर म्हणाले. "हळद पाण्यात विरघळत नाही. तळाशी बसते."

"पाण्यात नाही बसत हो सर. म्हणजे बसते. पण रममध्ये?"

"अल्कोहोलमध्ये विरघळते," सर नाराजीनं म्हणाले.

सप्टेंबर लागला. मॅडमचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. टाक्या चालू होत्या, पण टिपला जाणारा उजेड हिशेबापेक्षा कितीतरी मंद. त्या काचेच्या डोळ्याला जांभळ्याच्या पलीकडचा उजेड नीट दिसायचा नाही, आणि कणांची ती रेघ बरीचशी तिथंच असायची. पुण्याच्या साहेबांनी पडद्यावर येऊन हात वर केले. आणि त्याच आठवड्यात दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या वेधशाळेतून मॅडमना बोलावणं आलं. तिथं चार हजार टाक्या. सोळा ऑक्टोबरला रुजू व्हायचं, म्हणजे चौदाला पठार सोडायचं.

"आणि अठराची माहेरवाशीण?" मी विचारलं.

"ती येईल. पण आपल्याला दिसणार नाही. आंधळ्याच्या घरी पाहुणे येऊन काय उपयोग?" त्या कपाच्या तळाशी बघत म्हणाल्या. "तिच्यावर मी नऊ वर्षं घालवली, कोळेकर. मागच्या फेरीला मी विद्यार्थिनी होते, पावसानं यंत्र बंद पडलं. आता ही. पुढची एक्केचाळीसला. तेव्हा तिथल्या यंत्रानं बघेन."

मला काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही, पण त्या रात्रीची डाळ करपली, आणि चौदा हजार फुटांवर डाळ करपवायला माणूस फारच हरवलेला असावा लागतो.

तीनच दिवसांनी मॅडम तरातरा चालत आल्या. त्या उंचीवर तरातरा कुणी चालत नाही.

"तीनशे नंबरची टाकी. तिचा उजेड बाकीच्यांच्या दीडपट येतोय. डोळा बदलला, वायर बदलली, तरी दीडपट. तुम्ही तिच्यात काय केलंत?"

"काही नाही."

"कोळेकर."

"ओटी भरली."

"काय भरलं?"

मग मी सगळं सांगितलं. वडील, जर्दाळू, रम. स्टांझिन तेवढ्यात गाडीखाली जाऊन झोपला आणि काहीतरी दुरुस्त करू लागला. मॅडम लालबुंद. "बारा गाळण्या! दोन वर्षं! आणि तुम्ही त्यात दारू ओतता?"

"दारू नाही, हळद. दारू निमित्ताला."

"हळद?" त्या म्हणाल्या. मग वळल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. हळदीचा डबा घेतला, प्रयोगशाळेतलं स्पिरिट घेतलं, बाटलीत चिमूटभर हळद हलवली आणि तिच्यावर जांभळ्या दिव्याचा झोत टाकला. तो दिवा असा की भिंतीवर जेमतेम दिसेल. पण बाटली, देवाशपथ सांगतो, हिरव्या-पिवळ्या उजेडानं भरून गेली. जणू आत काजवे.

"हळद तो न दिसणारा उजेड पिते," त्या हळूच म्हणाल्या, "आणि दिसणारा करून परत देते." बराच वेळ त्या बाटलीकडं बघत होत्या. मी त्यांच्याकडं. मग एकदम म्हणाल्या, "घरी किती हळद आहे तुमच्या?"

मी म्हटलं, "मॅडम, मी सांगलीचा आहे."

वडिलांना फोन केला. कशासाठी ते सांगितलं नाही, नुसतं 'पाण्याची ओटी भरायचीय, दोनशे नव्व्याण्णव' म्हणालो. म्हातारा एवढा खूष झाला की त्यानं तीन पोती पाठवली. आम्हाला लागली पाच किलो. उरलेल्या हळदीत पुढं अख्ख्या लडाखची लग्नं लागली.

"तीन पोती विमानानं?" सर म्हणाले.

"दोन," मी म्हणालो. "पुढं ऐका."

हळद आली तेव्हा ऑक्टोबरची दुसरी तारीख होती. चौदाच्या आत दोनशे नव्व्याण्णव झाकणं. प्रत्येक टाकीवर काळा तंबू ताणायचा, आत शिरायचं, अंधारात चाचपडत सील उघडायचं, मापानं अर्क सोडायचा, ढवळायचं, पुन्हा सील. स्टांझिन तंबू धरायचा, मॅडम माप बघायच्या, मी झाकण. दिवसाला तीस टाक्या. बोटांची कातडी झाकणाला चिकटून राहायची. काळ्या तंबूत आम्हा दोघांना एकमेकांची फक्त नाकं लागायची, तीही गार. आणि दर टाकीला मी पुटपुटायचो ते त्यांनी ऐकलं.

"काय म्हणता हो दर वेळी?"

"आईचा आशीर्वाद. 'भरल्या पाण्यानं राहा.'"

शंभराव्या टाकीपासून त्याही म्हणायला लागल्या. डॉक्टरेट झालेली बाई, तंबूत, हळदीनं पिवळी झालेली बोटं, आणि तोंडानं 'भरल्या पाण्यानं राहा'. मी तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी टाक्यांचा माणूस, मला झाकणाच्या वरचं दिसत नाही.

मी फक्त दिवस मोजत होतो. टाक्या भरत चालल्या होत्या आणि चौदा जवळ येत होती. एकदा तर मनात आलं, चारदोन टाक्या उशिरा कराव्यात, म्हणजे काम संपेपर्यंत तरी थांबतील. स्क्रू हातात घेऊन उभा राहिलो. मग नाही केलं. ज्या बाईनं नऊ वर्षं वाट बघितली, तिच्या पाण्याशी खेळ नाही.

बारा तारखेला शेवटची टाकी झाली. मी विचारलं, "मॅडम, चौदाला गाडी किती वाजता?" त्या म्हणाल्या, "स्टांझिनला माहीत आहे." म्हणजे ठरलेलंच. मी जाऊन त्यांची बॅग आवरायला घेतली. हो, मीच. लोकरीचे मोजे घड्या घालून ठेवले, डबीत थोडी हळद दिली. प्रेमात पडलेल्या माणसानं दुसऱ्याची बॅग भरू नये, हात फार हळू चालतात.

आणि आता ऐका. तुमचा विश्वास बसणार नाही तो भाग हा.

तेरा तारीख. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. स्वच्छ ऊन. मी टाक्यांमधून फिरत होतो, निरोप घेतल्यासारखा. एका टाकीला कान लावला तर आत तडतड, तडतड. फोडणीत मोहरी उडते तशी. दुसरीला लावला, तिथंही तेच. धावत केबिनकडं गेलो. पडद्यावर तीनशेच्या तीनशे टाक्या पेटलेल्या, आकाशातल्या एकाच ठिकाणाकडं बोट दाखवत. मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या. वऱ्हाड दारात! पाच दिवस आधी! सात हजार वर्षांपूर्वी निघालेलं वऱ्हाड, आणि त्यानं बघितलं असेल, की अरे, आपण अठराला पोचलो तर नवरी चौदालाच निघून जाते. म्हणून शेवटच्या वळणावर घोडे पिटाळले. मॅडमनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. म्हणाल्या, "आता कशी जाऊ?" आणि राहिल्या. तो तारा पाच दिवस आधी आला म्हणून माझं लग्न झालं. त्याच आठवड्यात गोम्पातल्या, म्हणजे तिथल्या बौद्ध मठातल्या लामांनी आम्हाला पांढरे रेशमी पट्टे घातले आणि स्टांझिन दोन्हीकडचा मामा झाला.

मी गोष्ट संपवली. चौगुले सरांची बशी हवेत तशीच राहिली होती. मोहरीच्या तडतडीबद्दल तरी काही बोलतील म्हणून मी तयार होतो. पण ते हळूहळू मान डोलवू लागले. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या त्यांच्या.

"पाच दिवस आधी," सर म्हणाले. "काय योग असतो बघा."

झोपाळा थांबला.

"सर, निदान तुम्ही तरी मान डोलवू नका हो," शाल्मली म्हणाली. मांडीवरच्या शेंगा तिनं बाजूला ठेवल्या. "तीस वर्षं मुलांना कक्षा शिकवल्यात तुम्ही. सात हजार वर्षांपूर्वी निघालेला उजेड यांच्या लग्नासाठी पाच दिवस आधी कसा पोचेल? खोटं आहे ते. तारा अठरालाच आला, मिनिटाचा फरक नाही. माझी वही आहे आत, दाखवते."

"अगं, गोष्टीत थोडं…" मी म्हणालो.

"थोडं नाही. तेराला काही झालं नाही. तेरालाही हे माझी बॅगच भरत होते आणि मी बाहेर बसून हसत होते. तिकीट मी बारालाच रद्द केलं होतं, शेवटच्या टाकीचं झाकण लागल्यावर." ती माझ्याकडं वळली. "आणि अहो, हे तुम्हाला तेव्हापासून माहीत आहे. तिथं रेंज फक्त तुमच्या फोनला यायची, म्हणून तिकिटाला नंबर तुमचाच दिला होता. रद्द झाल्याचा मेसेज बॅग भरून झाल्यावर तुमच्याच फोनवर आला होता."